मेंढ्यांच्या विद्यापीठाची विशेष पुरवणी

१ ऑक्टोबर १९८३, शनिवार

ऑस्ट्रेलियातल्या वूरंडा विद्यापीठावर आमचं दोह्यातलं साप्ताहिक चार पानी पुरवणी काढणार, हे आज पक्कं झालं. दुजोरा: हद्दादसाहेब, जाहिरात व्यवस्थापक. पुरवणीत काय लिहायचं ते ठरलेलं नाही, पण शेवटच्या पानावर पूर्ण पानाची जाहिरात आली आहे, म्हणजे पुरवणी निघाल्यातच जमा. आमच्या धंद्यात मजकूर असतो तो दोन जाहिरातींमधली भोकं बुजवायला.

जाहिरात जिवंत मेंढ्या आयात करणाऱ्या कंपनीची आहे. तिचा आणि विद्यापीठाचा संबंध काय, असं मी विचारलं.

"हबीबी," हद्दाद म्हणाला, "मेंढी ऑस्ट्रेलियाची, विद्यापीठ ऑस्ट्रेलियाचं. आणखी काय संबंध पाहिजे तुला? सोयरीक जमवायची आहे का?"

मजकूर अर्थातच 'मिस्टर परकार', म्हणजे मी, लिहिणार. मिस्टर परकार हर्णैचे, बी.ए. झालेले, त्यांनी आयुष्यात मेंढी पाहिली ती ताटात. सत्तावीस तारखेच्या अंकाबरोबर पुरवणी गेली पाहिजे. यल्ला, चला कामाला.

३ ऑक्टोबर, सोमवार

विद्यापीठाचं टपाल आलं. वजनावरून थोरवी ठरत असेल, तर हे जगातलं पहिल्या पाचातलं विद्यापीठ.

नामवंत माजी विद्यार्थी: राज्याचे दोन मुख्यमंत्री, एक केंद्रीय मंत्री, ज्याचं सरकार तो पुरता खुर्चीत बसायच्या आत पडलं, एक न्यायाधीश, दक्षिण ध्रुवाकडे जाऊन चक्क परत आलेला एक गृहस्थ, आणि एक कसोटीपटू, जो कायदा शिकायला आला आणि पहिल्याच सत्रात सोडून गेला. अर्धवट सोडून गेलेल्याचा फोटो सगळ्यांत मोठा आहे. शिक्षणाविषयी विद्यापीठाला स्वतःला काय वाटतं ते यावरून कळतं. जूनमध्ये आपण वर्ल्ड कप जिंकल्यापासून त्यांच्या क्रिकेटपटूंकडे बघून मला हसू येतं, तो भाग वेगळा.

संशोधनातली बलस्थानं: मेंढ्यांचे रोग, खारवट जमिनी, कमी पावसातला गहू, द्राक्षांपासून मद्य, डुकरांची पैदास, आणि आकाशातून येणारे रेडिओचे आवाज ऐकणं. हा शेवटचा विभाग मला आवडला. पगारी बसून आकाशाची खरखर ऐकायची. आमच्या अल मुंतझामधल्या घरी मी हे रोज संध्याकाळी फुकट करतो, आकाशवाणी लावून.

मुनीरा टाइपिंग करून देते आहे. जूनमध्ये बारावीचा निकाल लागल्यापासून ती घरीच आहे. मार्क उत्तम, पुढे काय हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तिची आई आणि मी शोधतो आहोत. तोवर टाइपरायटर बरा. मेंढ्यांच्या रोगांवरची छोटी पुस्तिका तिने संपूर्ण टाइप करून दिली. मला फक्त दोन परिच्छेद हवे होते.

"एवढं कशाला केलंस?" मी विचारलं.

"इट वॉज इंटरेस्टिंग, अब्बा."

मुलगी आज्ञाधारक आहे, पण काय गाळायचं ते तिला कळत नाही. पत्रकार होणार नाही ही.

६ ऑक्टोबर, गुरुवार

अंक वेळेवर निघाला. दुजोरा: पेस्टअपवाला, म्हणजे पानांवर मजकूर चिकटवणारा, मच्छिंद्र. त्याने नेहमीप्रमाणे पहिली प्रत माझ्या टेबलावर आपटून सांगितलं, "घ्या साहेब, ह्या हप्त्याची रद्दी."

अंकात वूरंडाची छोटी सूचना गेली आहे. आखातात राहणाऱ्या परदेशी कुटुंबांतल्या एका विद्यार्थ्याला पशुवैद्यकाचं शिक्षण, फी आणि राहणं विद्यापीठाकडे. मार्कांसह अर्ज हॉटेलच्या पत्त्यावर. निवड करायला तिथले डॉ. एम. केंडल स्वतः येणार. मीच लिहिली ही सूचना, मुनीराने प्रूफ तपासलं. एक चूक काढली. मी अर्जाची मुदत लिहायला विसरलो होतो. ती तिच्या लक्षात आली.

पोराला सात समुद्रापलीकडे मेंढीच्या तोंडात बोटं घालायला पाठवणारा बाप या दोह्यात आहे का? तीन अर्ज येतील, त्यातले दोन चुकून.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

रहमानभाईंचा मुलगा रियाज डिसेंबरच्या रजेत कुवेतहून येतो आहे आणि तेव्हाच साखरपुडा उरकून घ्यावा, असं त्यांचं म्हणणं आहे. दुजोरा: खुद्द रहमानभाई, जुम्म्याची नमाज झाल्यावर आमच्या सोफ्यावर, चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर.

रहमानभाई दाभोळचे, सूकमध्ये, म्हणजे इथल्या बाजारात, कापडाचं दुकान. मी दोह्यात उतरलो तेव्हा पहिलं ताट त्यांच्या खोलीवर जेवलो, हे ते विसरलेले नाहीत आणि मलाही विसरू देत नाहीत. रियाज कुवेतला एअरकंडिशनच्या कंपनीत क्लार्क आहे. थंड डोक्याचा मुलगा.

"इब्राहीमभाई, घरातली पोर घरात राहील," ते म्हणाले. "कुवेत म्हणजे काय, पलीकडची आळी."

मी 'इन्शाल्ला' म्हटलं. ताहेरुन्निसा आतून "बघू" म्हणाली. माझ्या बायकोच्या 'बघू'चे अर्थ बरेच आहेत, पण वीस वर्षं बातम्या निवडणाऱ्या माणसाला होकार ओळखता येतो. मुनीराने चहाचे कप इतक्या जोरात उचलले की बशी फुटली. लाजली असावी.

११ ऑक्टोबर, मंगळवार

विद्यापीठाचा मद्यविभाग आणि डुक्करविभाग आज बंद झाले. दुजोरा: हद्दादसाहेबांची लाल पेन्सिल. जे विभाग उभारायला त्या लोकांना शंभर वर्षं लागली, ते हद्दादने सँडविच खाता खाता काढून टाकले. यात मी त्याच्या बाजूने आहे. या गावात ते छापलं तर उद्या आमचंच ऑफिस संशोधनाचा विषय होईल. मद्याच्या जागी मी 'फळप्रक्रिया' असं लिहून पाहिलं. त्याने तेही खोडलं.

"मग राहिलं काय?" मी विचारलं.

"मेंढी, मीठ आणि तारे. खलास. सुंदर विद्यापीठ आहे."

ताहेराने लोकर आणली आहे. घट्ट विणीचा, जाडजूड स्वेटर चालला आहे, निळा. बाहेर अंगाला शर्ट चिकटतो आणि ही बाई एअरकंडिशनरसमोर बसून सुया चालवते. विचारलं तर म्हणते, "लागतो कधी कधी." कुवेतला जानेवारीत बऱ्यापैकी थंडी पडते. जावयाची काळजी आतापासून! आणि मी 'बघू'चा अर्थ बरोबर लावला होता, हे सिद्ध झालं. छाती मात्र फार अरुंद धरली आहे. रियाज अंगाने भरलेला आहे. सांगावं म्हटलं, पण विणकामात बोललं की टाके चुकतात, आणि ते मग माझ्या नावावर जमा होतात.

१५ ऑक्टोबर, शनिवार

मेंढ्यांचं जहाज बंदराला लागलं. दुजोरा द्यायला कोणी लागत नाही, वारा पुरेसा आहे.

जाहिरातदाराला पुरवणीत जहाजाचा फोटो हवा होता. मुनीराने "मीही येते" म्हणून हट्ट धरला. मुलीला बंदर बघायचं असेल, म्हटलं चल. तिथे गेल्यावर कळलं की मेंढ्या तपासायला आलेले डॉ. एम. केंडल ही बाई आहे. उंच, उन्हाने भाजलेली, पन्नाशीची, पायात गमबूट. मी सबंध पुरवणीत तिला 'मिस्टर' करून ठेवलं आहे. सतरा ठिकाणी दुरुस्ती. ही त्याच विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी, तिच्या वेळी वर्गात एकटी मुलगी. तरी यादीत तिचं नाव नाही. ती मंत्री झाली नाही, आणि शिक्षण पूर्ण केलं. दोन्ही अपात्रता एकाच ठिकाणी.

मी फोटोग्राफरला कोन समजावत होतो तोवर मुनीरा त्या बाईबरोबर जहाजाच्या पोटात उतरली. कितीतरी वेळ वर येईना. आली तेव्हा नव्या सलवारीला गुडघ्यापर्यंत जे लागलं होतं त्याचं वर्णन मी डायरीतही करणार नाही.

"काय करत होतीस खाली?"

"लुकिंग अ‍ॅट देअर माउथ्स, अब्बा. ओठांना खपल्या येतात त्यांच्या. माणसालाही होतं ते, हाताला. हर्णैला दादींच्या शेळ्यांना झालं होतं, रिमेंबर?"

मला आठवलं नाही. मला आठवलं ते एवढंच की गाडी नुकतीच धुऊन घेतली होती. परतताना काच खाली ठेवून आलो. पोर मात्र सगळा रस्ताभर गुणगुणत होती. लग्न ठरलं की मुली अशाच होतात, उगाच खूश.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

तिसरं पान लागलं. दुजोरा: मच्छिंद्र.

हद्दादला पानात कतारचा एक तरी माणूस हवाच होता. विद्यापीठाचा कतारमध्ये एकही माजी विद्यार्थी नाही. जवळचा म्हणजे बहरीनचा एक दातांचा डॉक्टर, तोही रिटायर्ड. शेवटी असं ठरलं की शिष्यवृत्तीसाठी जो निवडला जाईल त्याचंच नाव 'उद्याचे नामवंत' या मथळ्याखाली टाकायचं. निवड व्हायची आहे, म्हणून मी डमी नाव टाकलं.

हे बाहेरच्या माणसाला समजणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. नाव यायचं असेल तर आमच्याकडे जागा कोरी ठेवत नाहीत. खोटं नाव टाकून ओळी बसवून घेतात, आणि पान बंद व्हायच्या आत खरं नाव चिकटवतात. बाकीचे 'जॉन स्मिथ' टाकतात. मी दोह्यात आल्यापासून घरची नावं टाकतो, तेवढीच घराची आठवण. ताहेरुन्निसा माझ्या पानांवर बँकेची अध्यक्ष होऊन गेली आहे. सासूबाई सिमेंट कंपनीच्या संचालक होत्या आणि एकदा छापल्या जाता जाता वाचल्या. मुनीरा तर दुसरीत असल्यापासून काय काय झाली: मुख्य अभियंता, वैमानिक, शल्यविशारद. आज झाली ती 'मुनीरा इब्राहीम परकार, अल मुंतझा, दोहा. वूरंडा विद्यापीठाची आखातातून निवडलेली पहिली विद्यार्थिनी'. ओळी छान बसल्या.

प्रूफ घरी आणलं. जेवताना ताहेराने ते हातात घेतलं. इंग्रजी तिला वाचता येत नाही, पण मुलीचं नाव कुठल्याही लिपीत ओळखते. "हा कागद मी ठेवते," म्हणाली. मसाल्याच्या डब्याखाली घालणार असेल. आमच्या पुरवणीला पहिला वाचक मिळाला, म्हणायचं.

२० ऑक्टोबर, गुरुवार

अर्ज तीन नव्हे, एकवीस आले. दुजोरा: डॉ. केंडल. बापांविषयीचा माझा अंदाज चुकला. जगात पोरं दूर पाठवायला उत्सुक बाप बरेच आहेत. घरी त्रास होत असेल त्यांना.

संध्याकाळी हॉटेलात मुलाखती आणि चहापान. मी जाहिरातदाराच्या माणसाला पकडून बसलो होतो, कारण त्याला आयत्या वेळी मेंढीचा दुसरा फोटो हवा होता, 'जास्त हसरा'. मुनीराला मी खुर्च्या मांडायला, पाहुण्यांना कागद वाटायला नेलं होतं. मधे बराच वेळ ती दिसली नाही. शेवटी आतल्या खोलीतून बाहेर आली, ईदचा कुडता घालून. खुर्च्या मांडायला ईदचा कुडता! आईच्या लाडाने बिघडलेली पोर. चेहरा लाल झाला होता. मी म्हटलं, आत एअरकंडिशनर बंद आहे का. ती म्हणाली, "येस, अब्बा. व्हेरी हॉट."

हॉटेलवाल्यांना उद्या फोन करून झापलं पाहिजे.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

डॉ. केंडल आमच्याकडे जेवून गेल्या. दुजोरा: रिकामं पातेलं.

बोलावलं ताहेराने. मी म्हटलं, जनसंपर्क म्हणून ठीक आहे. वडे आणि सागोती. बाईंनी हाताने खाल्लं, नाकातून पाणी येईपर्यंत खाल्लं, आणि थांबल्या नाहीत. ताहेराला इंग्रजी येत नाही, बाईंना मराठी येत नाही, मुनीरा मधे दुभाषी. पुरवणीसाठी मी दोन-चार प्रश्न काढून ठेवले होते, तेवढ्यात ताहेरा म्हणाली, "अहो, पेप्सी संपलीय. घेऊन या ना."

"सकाळीच तर आणली होती."

"ती संपली. आणि वाटेत बर्फही बघा. आणि ते मोठ्या दुकानातलं दही."

मला इतक्या गोष्टींसाठी एकाच वेळी आजवर पाठवलेलं नाही. परत आलो तेव्हा तिघी एकदम गप्प झाल्या, आणि मग एकदम हसल्या. टेबलावर पुरवणीचं ते प्रूफ पडलं होतं, म्हणजे मसाल्याच्या डब्याखाली गेलं नव्हतं. ताहेराचे डोळे ओले होते. तिखट असणार, किंवा कांदा. डॉ. केंडलनी निघताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हटलं, "यू आर अ रिमार्केबल मॅन, मिस्टर परकार." हे मला ऑफिसात कोणी म्हणत नाही.

फ्रिजमध्ये चार पेप्सी निघाल्या. बायकांच्या गप्पा, बातमीमूल्य शून्य.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

पुरवणी बंद झाली. दुजोरा: मच्छिंद्र, "खलास साहेब" या शब्दांत.

डॉ. केंडल बहरीनला गेल्या आहेत. निवडलेल्याचं नाव तिथून फोनने कळवणार होत्या. नेमक्या त्याच वेळी हद्दादने मला हसऱ्या मेंढीच्या पाठीमागे धाडलं. टाइपरायटरशी मुनीरा बसली होती. तिला बजावून गेलो, नाव आलं की मच्छिंद्रला दे, तो डमी काढून खरं लावेल. संध्याकाळी विचारलं, "आला का फोन?"

"आला, अब्बा."

"मग? मच्छिंद्रला सांगितलंस?"

"सांगितलं. नो चेंज."

पानात बाकी काही बदल नाही, एवढं ऐकून मी सुटलो. पोर कामाची होत चालली आहे. रियाजला बायको नव्हे, सेक्रेटरी मिळतेय.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

डमी छापली गेली.

दुजोरा: सबंध दोहा. सकाळपासून फोन. शाळेचे मास्तर, खालचा केरळी किराणावाला, अल सद्दमधले इनामदार, ज्यांनी मला गेल्या ईदपासून ओळख दिली नव्हती. "मुबारक परकार, पोरीने नाव काढलं!" मुनीरा इब्राहीम परकार, अल मुंतझा, दोहा. सुबक, ठळक टायपात, न्यायाधीश आणि दक्षिण ध्रुवाच्या बरोबर खाली. वीस वर्षांत माझ्या हातून सासूबाईही छापल्या गेल्या नाहीत, आणि आता हे.

मच्छिंद्रला धरलं. तो बिथरला नाही. हा नगरचा माणूस बिथरत नाही.

"साहेब, म्या इचारलं हुतं. म्हटलं ताई, हे खरं का आपलं नेहमीचं? तर म्हनल्या, काका, नाव हेच हाय."

"आणि तू ऐकलंस?"

"आता घरच्या मान्साचं नाव घरच्या मान्सानं सांगितलं, तर मी काय पासपोर्ट मागू का?"

मुनीराने गोंधळ घातला, उघड आहे. लक्ष सगळं डिसेंबरकडे. घरी जाऊन ओरडणार होतो, पण तिने दार उघडलं आणि हातातला अंक पाठीमागे लपवला, आणि मला म्हणायचं होतं ते आठवेना. भूक लागली होती, त्याचा परिणाम.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

रहमानभाई नाराज आहेत. दुजोरा: त्यांनी चहा घेतला नाही.

"मशिदीबाहेर चार माणसांनी विचारलं, सून ऑस्ट्रेलियाला चालली का मेंढरं राखायला? मी काय सांगू?"

"भाई, छपाईची चूक आहे. आमच्यात डमी म्हणून असतं..."

"ते तुमच्यात. आमच्यात छापलं म्हणजे छापलं. चूक आहे ना? मग पुढच्या अंकात छाप की चूक आहे. मुलगी कुठे जात नाही, असं स्वच्छ लिही. मग डिसेंबर आहेच, सगळं होतं तसं. नाही छापलंस, तर मी समजेन काय समजायचं ते."

मागणी वाजवी आहे. मी शब्द दिला. आत सुयांचा आवाज चालू होता, तो थांबला.

ते गेल्यावर मुनीराला सांगितलं: तुझ्या गोंधळाची दुरुस्ती येत्या अंकात जाईल, आता रडू नको. ती रडत नव्हतीच. माझ्याकडे बघत होती, जसं त्या दिवशी जहाजावर मेंढीच्या तोंडाकडे बघितलं असेल.

"अब्बा, छापणार तुम्ही?"

"छापावंच लागेल. चूक ती चूक."

"इफ इट इज अ चूक," ती म्हणाली आणि उठून गेली.

उद्धट होत चालली आहे.

३१ ऑक्टोबर, सोमवार

निवड झालेली विद्यार्थिनी मुनीरा परकार हीच आहे. दुजोरा: डॉ. एम. केंडल, वूरंडा विद्यापीठ, समक्ष.

आमच्या धंद्यात दुरुस्तीचा एक नियम आहे. नुसतं 'चुकलं' म्हणून भागत नाही. बरोबर काय ते द्यावं लागतं. 'अमुकच्या जागी तमुक वाचावे.' दोन दिवस मसुदा करतो आहे आणि 'तमुक'ची जागा भरता येत नव्हती. खरं नाव कोणाचं, हे मला माहीतच नव्हतं. बाई बहरीनहून आज परतल्या, म्हणून हॉटेलात गेलो. वही उघडली, पेन काढलं आणि विचारलं, निवड नक्की कोणाची झाली.

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

मग सांगत बसल्या. एकवीसजणांत जहाजावर उतरलेली ही एकटीच. मुलाखतीत इतर मुलं विद्यापीठ किती थोर आहे ते सांगत होती, चहापानाला वाटलेल्या कागदांतली, माझ्याच लेखणीतली वाक्यं असावीत. ही विचारत होती की उष्ण देशात उतरल्यावर आजार वाढतो का. "पण खरं सांगू," त्या म्हणाल्या, "मला धास्ती घरच्यांची होती. तुमच्याकडच्या मुली निवडायच्या आणि मग बापाने नको म्हणायचं, असं याआधी झालंय. म्हणून मी तुमच्याकडे जेवायला आले. तुमच्या मिसेसनी मला ते पान दाखवलं. आमचा निर्णय व्हायच्या आधीच तुम्ही तिचं नाव टायपात बसवून ठेवलं होतं. इतकी खात्री असलेला बाप मी पाहिला नाही, मिस्टर परकार. माझ्या बापाने मला स्टेशनवरसुद्धा सोडलं नव्हतं."

अशा वेळी सभ्य माणसाने खरं काय ते सांगायचं असतं. डमी म्हणजे काय, ओळी कशा बसवतात, सासूबाई आणि सिमेंट. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "थँक यू."

वही तशीच बंद केली. बाहेर येऊन गाडीत बसलो आणि सबंध महिना पुन्हा वाचून काढला.

सहा तारखेला मी विसरलेली अर्जाची मुदत तिच्या बरोबर लक्षात आली होती. खुर्च्यांना ईदचा कुडता. बंद पडलेला एअरकंडिशनर, ज्याबद्दल मी त्या हॉटेलवाल्याला खरोखर झापलं होतं. चार पेप्सी. ज्या माणसाला दोह्यात कुठल्या सिमेंटचं जहाज कधी येतं ते तीन आठवडे आधी कळतं, त्याच्या घरी ही बातमी महिनाभर जेवणाच्या टेबलावर बसून होती.

१ नोव्हेंबर, मंगळवार

ताहेराला सगळं सुरुवातीपासून माहीत होतं. दुजोरा: ताहेरा.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बातमीसारखं केलं असतं. एकीकडे असं, दुसरीकडे तसं, रहमानभाईंचं म्हणणं काय, आणि शेवटी जागा नाही म्हणून काढून टाकलं असतं." तिने स्वेटर उचलून मुनीराच्या खांद्याला लावून पाहिला. छाती बरोबर बसली. "आणि मी खोटं काही बोलले नाही. त्या बाईला फक्त कागद दाखवला. तुम्ही लिहिलेला."

"तो कागद खोटा होता."

"तुमचं नाव, तुमचा पत्ता, तुमची मुलगी. खोटं काय त्यात?"

मुनीरा खिडकीशी उभी होती. मी तिला म्हटलं, निदान तू तरी. मला वाटलं नेहमीसारखी इंग्रजीत सुरू होईल. पण ती मराठीत बोलली, जरा अडखळत, एकेक शब्द शोधून.

"अब्बा, मी लहान होते तेव्हा तुम्ही प्रूफ घरी आणायचात. पायलट मुनीरा परकार. सर्जन मुनीरा परकार. मी शाळेत सांगायचे. मग गुरुवारी अंक यायचा आणि तिथे कोणीतरी दुसरंच असायचं. दर मंगळवारी तुम्ही मला काहीतरी करायचात, आणि दर गुरुवारी काढून टाकायचात. या वेळी फोन आला, बाई म्हणाल्या नाव तुझं आहे, आणि पान समोर होतं. मी काहीच केलं नाही. फक्त काढलं नाही."

मी खिशात हात घातला.

दुरुस्तीचा मसुदा खिशात होता: 'मुनीरा परकार यांची निवड झाल्याचे चुकीने प्रसिद्ध झाले.' एक ओळ, आठ शब्द. छापला तर रहमानभाई चहा घेतील. मुलगी काही बोलणार नाही, हेही माहीत होतं. हर्णैची आहे, गिळून बसेल. डिसेंबरात हिरवी साडी नेसेल आणि कुवेतला निळा स्वेटर घालून फिरेल.

२ नोव्हेंबर, बुधवार

उद्याच्या अंकात दुरुस्ती जाणार नाही. दुजोरा: मी.

कारण साधं आहे आणि ते मी संपादकांनाही सांगितलं. दुरुस्ती चुकीच्या बातमीची छापतात. ही बातमी बरोबर होती. वीस वर्षांत माझ्या हातून इतकी बरोबर बातमी, इतक्या आधी, गेलेली नाही. ती मिळवण्यात माझा काही वाटा नव्हता, हे वाचकाला कळवण्याची पद्धत नाही. हद्दादने मात्र अभिनंदन केलं. "पाहिलंस? मी म्हटलं होतं ना, कतारचं माणूस हवं." आता त्याला न्यूझीलंडच्या विद्यापीठाची पुरवणी हवी आहे. तिथेही मेंढ्या आहेत म्हणे.

रियाजचा सकाळी ऑफिसात फोन आला. मी सावरून बसलो. तर म्हणतो, "चाचा, मुनीराला मुबारक सांगा. आणि अब्बांना मी काही बोललो म्हणून सांगू नका." बराच थंड डोक्याचा मुलगा. मी म्हटलं होतंच.

दुपारी न्यूझीलंडचं पहिलं पान लावायला घेतलं. कुलगुरूंचं नाव अजून आलेलं नाही. मच्छिंद्र चिमटा घेऊन उभा राहिला.

"डमी कोन टाकू साहेब? मुनीराताई?"

"नाही. तिचं नाव आता डमीत चालणार नाही."

"मग? वहिनी?"

त्यांच्याबद्दलही मला आता खात्री राहिलेली नाही. मी म्हटलं, "इब्राहीम परकार टाक."

त्याने टाकलं, थोडं लांब जाऊन पाहिलं. "बसतंय," म्हणाला.

पुढे अपेक्षित असं: परवा शुक्रवारी नमाजेनंतर रहमानभाई येतील, हातात उद्याचा अंक असेल आणि त्यात त्यांना हवं ते नसेल. चहा समोर ठेवला जाईल. घेतील की नाही ते सांगता येत नाही. पहिलं ताट कोणी वाढलं त्याची आठवण निघेल, आणि ती खरी असल्यामुळे मला मान खाली घालून ऐकावी लागेल. त्यानंतर मला त्यांना सांगायचं आहे की मुलगी जाते आहे आणि मी पाठवतो आहे. हे वाक्य अजून मी मोठ्याने म्हणून पाहिलेलं नाही. ताहेराने पेप्सी आणून ठेवली आहे, म्हणजे या वेळी मला बाहेर पाठवलं जाणार नाही. विद्यापीठ फेब्रुवारीत उघडतं.